टेकडीवर राहिलेली काठी

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ६७ वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. आमचा पाच जणांचा ग्रुप रोज सकाळी वेताळ टेकडी चढतो. त्यातला एक शांतिभाई (नाव बदललंय). गुजराती जैन, कापडाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. आमची ओळख चाळीस वर्षांची. खाली उतरल्यावर आम्ही पोहे खातो आणि त्याच्या बशीत कांदा-बटाटा नको, हे टपरीवाल्यालाही पाठ आहे.

गेल्या महिन्यात खाणीपाशी बसलो असताना विषय निघाला, हे विश्व केलं कुणी? मी म्हटलं, देवाने. आणि आता महास्फोट सिद्ध झाल्यावर विज्ञानही तेच म्हणतं. सुरुवात आहे म्हणजे सुरुवात करणारा आलाच. शांतिभाई म्हणाला, "आमच्यात विश्व कुणी केलेलं नाही. ते आहेच, अनादि-अनंत. नारळीकर सरांचं भाषण मी स्वतः ऐकलंय, तेही सुरुवात मानत नव्हते." मी थक्क झालो. रोज पूजा करणारा माणूस! माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तू नास्तिकच की रे. देरासरात काय टाइमपासला जातोस?" बाकीचे तिघे हसले. तो उठला, "चला" म्हणाला आणि उतरला. आज तेविसावा दिवस, आलेला नाही. फोन उचलतो, पण "गुडघा दुखतोय" म्हणतो. त्याची काठी त्या दिवशी तिथेच राहिली, ती माझ्याकडे आहे.

वहिनी गेल्या नोव्हेंबरात गेल्या, तेव्हापासून तो हळवा झालाय. तेव्हा मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायचो, धीर द्यायचो, "देवाची मर्जी, आपल्या हातात काय आहे" म्हणायचो. एवढं करूनही एका शब्दावरून असं?

तर प्रश्न दोन. आमच्यात बरोबर कोण? आणि आता मी काय करू? त्याला पटेल असा एखादा वैज्ञानिक लेख ग्रुपवर टाकावा असं मनात आहे. सुचवाल का?

— एक टेकडीकर

*

टेकडीकर,

लेख सुचवणार नाही. माणूस तेवीस दिवस घरात बसलाय आणि तुम्ही त्याला लिंक पाठवणार? आणि तीही ग्रुपवर, जिथे हसणारे तिघेही आहेत? तो बेत आजच्या आज सोडा.

पहिला प्रश्न मात्र मला आवडला, त्यामुळे त्यावर जरा रेंगाळणार आहे. दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं असं मला वाटतं. घाई असेल तर थेट खाली जा. पण निवृत्त माणसाला सकाळचा चहा झाल्यावर घाई कसली?

"सुरुवात आहे म्हणजे सुरुवात करणारा आलाच" हे तुमचं वाक्य. यात दोन वेगळे प्रश्न एकाच दोरीने बांधलेत. विश्वाला सुरुवात होती का, हा एक. त्याला कुणी कर्ता आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं, असं तुम्ही गृहीत धरलंत. शांतिभाईंनीही उलट्या बाजूने थोडंफार तेच केलं. गंमत अशी की ज्या दोन माणसांच्या जिवावर तुम्ही दोघं भांडलात, त्यांनी स्वतः असं काही गृहीत धरलं नव्हतं.

महास्फोटाची कल्पना ज्याने पहिल्यांदा मांडली, तो बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र चक्क कॅथलिक पाद्री होता. एकीकडे धर्मगुरू, दुसरीकडे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. विश्व पसरतंय हे त्याने १९२७ साली गणितातून दाखवलं. १९३१ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हणाला, की हे सगळं एका आदिम अणूतून फुटून निघालं असावं. असा माणूस 'बघा, आमचा धर्मग्रंथ खरा ठरला' म्हणत नाचायला हवा होता. झालं भलतंच. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात जवळजवळ तुमचंच वाक्य उच्चारलं: विज्ञानाला आता निर्मितीचा क्षण दिसू लागला आहे, म्हणजे निर्माता आहे. लमेत्रला हे मुळीच रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे, देव न मानणाराही तो खुशाल स्वीकारू शकतो, असं त्याचं म्हणणं. पाद्री असून त्याने महास्फोटाला देवाच्या बाजूने साक्षीला उभं केलं नाही. तुम्ही टेकडीवर बसल्या बसल्या केलंत.

दुसऱ्या बाजूला केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. देवाधर्माशी त्याचं वाकडं. विश्वाला सुरुवात होती या कल्पनेलाच त्याला चर्चचा वास यायचा. १९४८ मध्ये त्याने आणि बाँडी, गोल्ड या दोघांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व पसरतंय हे खरं, पण पसरताना जी जागा मोकळी पडते तिथे थोडं थोडं नवं द्रव्य तयार होत राहतं. म्हणून ते कायम असंच होतं आणि असंच राहील. महास्फोटाला 'बिग बँग' हे नावही हॉइलचंच, १९४९ सालच्या बीबीसीच्या रेडिओ भाषणातलं. आता बघा, निर्मिती नको म्हणून ज्याने सुरुवात काढून टाकली, त्याच्या सिद्धांतात निर्मिती कायमची मुक्कामाला आली. एकदाच व्हायची ती रोज होऊ लागली. पाद्री सुरुवात मांडतो आणि देवाचं नाव काढत नाही. नास्तिक सुरुवात नाकारतो आणि निर्मिती कबूल करतो. यातून तुम्ही कुणाची बाजू घेणार?

या हॉइलचे विद्यार्थी म्हणजे आपले जयंत नारळीकर. कोल्हापूरचा जन्म, बनारसला शिक्षण, मग केंब्रिज. १९७२ मध्ये भारतात परतले आणि १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात त्यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. २० मे २०२५ रोजी पुण्यातच गेले. शांतिभाईंनी ऐकलं ते बरोबर आहे. महास्फोटावर सरांचा विश्वास कधीच बसला नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी जुना सिद्धांत नव्याने मांडला: विश्व आकुंचन-प्रसरणाचे हेलकावे घेत एकंदरीत पसरत राहतं, मधूनमधून जागोजागी छोट्या छोट्या निर्मितीच्या घटना घडतात, आणि सगळ्याची मिळून अशी एक सुरुवात नाही.

पण एक गोष्ट शांतिभाईंनाही सांगायला हवी. (मी सांगते आहे. तुम्ही सांगायला जाऊ नका.) बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी सरांचं हे म्हणणं स्वीकारलेलं नाही. आणि सरांचं 'अनादि' समीकरणांतून आलं होतं, जैनांच्या आगमग्रंथांतून नव्हे. त्यांनी जैन दर्शनाच्या बाजूने साक्ष दिलेली नाही, तशी लमेत्रने तुमच्या सत्यनारायणाच्या बाजूनेही दिलेली नाही.

मग पुरावा कुणीकडे झुकतो? महास्फोटाकडे, आणि चांगलाच. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला पेन्झियस आणि विल्सन हे दोघे एका मोठ्या शिंगासारख्या अँटेनावर काम करत होते. अँटेना कुठेही वळवा, एक मंद खरखर काही केल्या जाईना. आत पारव्यांनी घर केलेलं सापडलं. पुण्यात बाल्कनी असलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. दोघांनी ती सगळी घाण खरवडून काढली, पारवे हाकलले, तरी खरखर तशीच. ती निघाली विश्वाच्या तापलेल्या बालपणाची उरलेली धग, आता निवत निवत शून्याखाली २७० अंशांवर आलेली. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तुमच्याही गच्चीवर कधीकाळी दूरदर्शनची अँटेना असेल. कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या यायच्या, आठवतंय? त्यातली शंभरात एखादी मुंगी या धगीची होती. आपण ती बघत बघत झोपी जायचो.

ही धग म्हणजे आपल्याकडे असलेला विश्वाचा सर्वांत जुना फोटो. विश्वाचं आजचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, आणि फोटोतलं साधारण ३ लाख ८० हजार. तुमच्या ६७ वर्षांच्या मापात बसवून बघितलं, तर हा तुमचा जन्मानंतर सोळाएक तासांनी काढलेला फोटो होतो. दुपट्यात गुंडाळलेलं, मुठी आवळलेलं बाळ. फोटोच्या मागे आणखी बरंच जाता येतं. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हीलियम किती बनायला हवं याचा हिशेब मांडता येतो, आणि वजनाने तीन भाग हायड्रोजनला एक भाग हीलियम हे जे उत्तर येतं, तेच प्रमाण आकाशात सापडतं. माझ्या मते महास्फोटाचा हा सगळ्यात देखणा पुरावा, पण याच्याबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

त्याच्याही मागे, अगदी शून्य घटकेपाशी गेलं की मात्र आइन्स्टाइनचं गणित हात टेकतं. तिथे खरोखर सुरुवात आहे, की आधीच्या कशाचा तरी शेवट, यावर मोठमोठ्यांची मतं फुटलेली आहेत. हॉकिंग म्हणायचे, त्याच्या आधी काय होतं हे विचारणं म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय आहे असं विचारण्यासारखं. पेनरोज म्हणतात, एक युग संपतं आणि त्याच्या शेवटातून पुढचं सुरू होतं. तेव्हा 'विज्ञानाने सुरुवात सिद्ध केली' हे तुमचं म्हणणं जरा पुढचं आहे. १३८० कोटी वर्षांपूर्वी सगळं अतिशय दाट आणि तापलेलं होतं, एवढं नक्की. फोटोत बाळ आहे. ते कुणाचं, हे फोटोवर लिहिलेलं नाही.

शांतिभाईंच्या 'ते आहेच' यालाही एक अडचण आहे, आणि ती बघायला दुर्बीण लागत नाही. अमावास्येच्या रात्री गावाबाहेर जा आणि वर बघा. आकाश अनंत असतं, त्यात सगळीकडे तारे असते, ते अनादि काळापासून न बदलता जळत असते, तर बोट कुठेही दाखवा, त्या रेषेवर कुठला ना कुठला तारा आलाच असता. रात्र दुपारसारखी लखलखली असती. ज्या अर्थी ती काळी आहे, त्या अर्थी हे तारे कायमचे जळत आलेले नाहीत. अर्थात जैन दर्शनही 'काही बदलत नाही' असं म्हणत नाही. उपजणं, नासणं आणि तरी टिकून राहणं ही तिन्ही मिळून वस्तू असते, असं ते सांगतं. लोक, म्हणजे विश्व, अनादि, त्यातला प्रत्येक क्षण नवा. हे वाटतं तितकं सोपं नाही, आणि शांतिभाईंना समजावून सांगता येईल, जर कुणी विचारलं तर.

आता तुमच्या घरात येते.

गणपतीत तुम्ही सोवळं नेसून पाटावर बसता, हातात पाणी घेता आणि गुरुजी संकल्प सांगतात. ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धात, श्वेतवाराह कल्पात, वैवस्वत मन्वंतरात, कलियुगात, असं करत करत ते आजच्या तिथीला आणि तुमच्या गोत्राला येऊन पोचतात. पाकिटावर पत्ता लिहावा तसा हा काळाचा पत्ता आहे. एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं, ब्रह्मदेवाचा एक दिवस. दिवस संपला की प्रलय, रात्र संपली की पुन्हा सृष्टी. अशी त्याची पन्नास वर्षं उलटून गेलीत. यात 'देवाने एकदा सुरुवात केली' हे कुठे बसतं ते मला दाखवा. तुम्ही टेकडीवर जे बोललात ते लमेत्रच्या चर्चला जास्त जवळचं आहे. तुमच्या पाटावरचं विश्व शांतिभाईंच्या विश्वाइतकंच अनादि आहे.

(४३२ कोटी आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणजे आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असा निरोप तुम्हाला आला असेलच. त्याच हिशेबाने चालू कल्पाची आजवर फक्त १९७ कोटी वर्षं झाली आहेत. हे कुणी पाठवत नाही.)

तुम्ही म्हणाल, पण अथर्वशीर्षात आहे ना, 'त्वमेव केवलं कर्तासि'. आहे. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठपुढे हजारो बायका एका सुरात ते म्हणतात, मीही त्यात बसले आहे आणि 'कर्तासि'ला अंगावर काटा येतो तो येतोच. पण जरा पुढे वाचा. हे सगळं जग तुझ्यापासून उपजतं, तुझ्यात राहतं, तुझ्यातच लय पावतं. हा कुंभार स्वतःच माती आहे. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांचा देव निराळा; तो खराखुरा कुंभार, पण त्याची माती, म्हणजे परमाणू, त्याने केलेले नाहीत, ते त्याच्याइतकेच नित्य. आणि वेदाचा शब्द न् शब्द प्रमाण मानणारे कडक मीमांसक? त्यांच्या कुमारिल भट्टांनी सृष्टी करणाऱ्या ईश्वराची कल्पनाच खोडून काढली. सांख्य दर्शनाचंही त्याच्यावाचून अडत नाही. या मंडळींना आपली परंपरा आस्तिकच म्हणते, कारण जुन्या बोलीत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. त्या मापाने शांतिभाई नास्तिक ठरतीलही, पण तुम्ही ज्या कारणासाठी म्हणालात त्या कारणासाठी नाही. शिवी द्यायची तर निदान व्याकरण तरी बरोबर हवं.

टेकडीवरून लॉ कॉलेज रोडला उतरलात की जवळच भांडारकर संस्था आहे. तिथल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांना युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात जागा दिली. त्याच ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त. तेव्हा असतही नव्हतं आणि सतही नव्हतं, अशी सुरुवात करून ऋषी विचारतो, हे कुठून आलं हे कोण सांगणार? देव तर सृष्टीच्या नंतरचे. आणि शेवटी म्हणतो, परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल. किंवा त्यालाही ठाऊक नसेल. तुम्ही पोहे खाता त्या टपरीपासून ही पोथी चालत जाण्याच्या अंतरावर ठेवलेली आहे.

शांतिभाईंच्या बाजूचा सगळ्यात धारदार माणूसही फार लांबचा नाही. नवव्या शतकातले आचार्य जिनसेन, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांना गुरू मानायचा. म्हणजे आपल्या दख्खनचेच. (ते दिगंबर, तुमचे मित्र बहुधा श्वेतांबर, पण या मुद्द्यावर दोघांत भांडण नाही.) त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा: जग कुणीतरी केलंच पाहिजे म्हणता, तर त्या कर्त्याला कुणी केलं? तो स्वयंसिद्ध आहे, त्याला कुणी करावं लागत नाही, असं उत्तर असेल, तर तीच सवलत जगाला द्यायला काय हरकत आहे? या प्रश्नाला अकराशे वर्षांत पुष्कळ उत्तरं दिली गेली. 'टाइमपास' हे त्यातलं नव्हतं.

तुमच्याही बाजूला मात्र एक चांगली वाट आहे, आणि तिला सुरुवातीची गरजच नाही. समईची ज्योत अनादि काळापासून तेवत असती, तर तिचा उजेडही अनादि असता. तरी तो समईचाच. युरोपातल्या थॉमस अक्विनास या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने असंच काहीसं मांडलं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्या सोळा वर्षं आधी तो वारला. जगाला सुरुवात होती हे मी श्रद्धेने मानतो, बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही, आणि सुरुवात नसती तरी जग देवावरच अवलंबून असतं, असं तो म्हणे. म्हणजे विश्व अनादि असूनही देवाचं असू शकतं, आणि सुरुवात असूनही कुणाचंच नसू शकतं. टेकडीवरचं तुमचं भांडण मुळात जुळतच नव्हतं. एकजण वेळ विचारत होता, दुसरा पत्ता सांगत होता.

बरोबर कोण, याचं माझं उत्तर हवंच असेल तर: महास्फोट झाला हे तुमचं बरोबर, त्यावरून देव सिद्ध होत नाही हे शांतिभाईंचं. मी स्वतः रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, आणि विश्वाच्या सुरुवातीचं खातं त्याच्याकडे दिलेलं नाही.

आता दुसरा प्रश्न. तुम्हाला वाटतंय की तो 'नास्तिक' या एका शब्दावर रुसला. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, मी तिथे थांबले. वहिनी गेल्या तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी जाऊन म्हणायचात, "देवाची मर्जी."

शांतिभाईंच्या धर्मात मर्जी चालवणारा देव नाही. कुणाला नेणारा नाही, कुणाला ठेवणारा नाही. तीर्थंकर या सगळ्यातून सुटलेले; ते काही देत नाहीत, काही काढून घेत नाहीत. जे आहे ते कर्म, आणि ज्याचं त्याचं. त्यामुळे बायको गेल्यावर रागवायलाही त्यांच्याकडे वर कुणी नाही, विनवायलाही नाही. तिथे समोर बसून तुम्ही रोज त्यांच्या बायकोचं मरण अशा कुणाच्या तरी हवाली करत होतात, जो त्यांच्या लेखी नाहीच. त्यांनी एकदा तरी टोकलं का तुम्हाला? "आमच्यात असं नसतं" म्हणाले का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. हा माणूस रोज येतो, मनापासून बोलतो, शब्द त्याचे असू देत, असं म्हणून त्यांनी ऐकून घेतलं असणार. आणि आठ महिन्यांनी त्यांनी पहिल्यांदा तुम्हाला स्वतःचं काही सांगितलं, तर तुम्ही चारचौघांत विचारलंत की देरासरात टाइमपासला जातोस का.

चाळीस वर्षं त्यांच्या बशीत कांदा येऊ नये याची काळजी घेतलीत. तो का नको, हे कधी विचारलंत?

नवकार मंत्र तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकला असेल. त्यात एकाही व्यक्तीचं नाव नाही, आणि मागणंही नाही. अरिहंतांना, सिद्धांना, आचार्यांना, उपाध्यायांना, सगळ्या साधूंना नमस्कार, बस. मागायला कुणी नसताना एक माणूस बायको गेल्यावरही रोज सकाळी तिथे जाऊन हात जोडतो. तो तिथे काय करतो हे मलाही जाणून घ्यायला आवडेल, पण ते विचारायचा हक्क चाळीस वर्षांच्या दोस्तीमुळे तुमचा आहे. फक्त या वेळी प्रश्न खरा असू द्या.

काय करायचं, ते सांगते. फोन नाही, मेसेज नाही. घरी जा, एकटे. संध्याकाळी पाच-साडेपाचला, ते सूर्यास्तानंतर खात-पीत नसतील तर सातच्या आत त्यांचं आवरायचं असेल, आणि तुम्हाला चहा विचारल्याशिवाय ते राहणार नाहीत. घरून काही करून नेऊ नका. चातुर्मास लागलाय, अमुक चालतं का तमुक चालतं का यातच अर्धा तास जाईल. विश्वाचा विषय काढू नका. त्यांनी काढला तर ऐका. आणि 'मी गमतीने बोललो होतो' म्हणू नका, कारण तुम्ही गमतीने बोलला नव्हता. तुम्हाला धक्का बसला होता, आणि तो तुम्ही हशावर नेलात. तेवढंच सांगा. वहिनींच्या वेळच्या 'मर्जी'बद्दलही सांगा, की मला माहीत नव्हतं. मत बदलल्याचं नाटक करायची गरज नाही. तुमचा देव त्यांनी कधी मागे घ्यायला लावला नाही.

आणखी एक. दरवर्षी गणपतीच्या सुमारास, संवत्सरीला, तुम्हाला त्यांचा मेसेज येत असणार, "मिच्छामि दुक्कडं". माझ्याकडून काही दुखावलं गेलं असेल तर ते मिथ्या होवो. वर्षभरात काही घडलेलं असो नसो, सगळ्यांना पाठवतात. तुम्ही उत्तरादाखल बहुधा मोदकाचा फोटो पाठवत असाल. या वर्षी भाद्रपदाची वाट बघू नका. ते दोन शब्द तुम्हीच आधी म्हणा, तोंडाने. उच्चार चुकला तर ते दुरुस्त करतील, आणि केलाच तर समजा गुडघा बरा व्हायला लागला.

काठी न्यायला विसरू नका. निघण्यापूर्वी पुसून घ्या. टेकडीवर शेवाळं धरलंय, खाणीकडची वाट सध्या फार निसरडी आहे.